ड्रम हे एकच वाद्य आहे, आठ ट्रॅक नव्हेत

बँडचं रेकॉर्डिंग स्वतःच करणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. काहींनी सोबत ट्रॅकही पाठवले. गिटार, कीबोर्ड आणि आवाज बहुतेकांना जमले आहेत, गाडी अडते ती ड्रमपाशी. म्हणून या खेपेची उत्तरं ड्रमभोवतीच आहेत.

आम्ही आठ इनपुटचा इंटरफेस (माइकचा आवाज संगणकात नेणारी पेटी) भाड्याने आणून ड्रमला आठ माइक लावले: किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम), स्नेअरला (समोरचा खणखणीत ड्रम) वर आणि खाली, दोन टॉम, फ्लोअर टॉम आणि दोन ओव्हरहेड (ड्रमच्या वर टांगलेले माइक). एकेक ट्रॅक वेगळा ऐकला तर झकास वाजतो. सगळे एकत्र उघडले की स्नेअर पत्र्याच्या डब्यासारखा आणि किक पोकळ लागते. ईक्यू (ठरावीक सूर कमीजास्त करणारं साधन) लावून लावून दमलो. — एक वाचक, नाशिक

आधी सगळा ईक्यू काढून टाका. हा दोष सुरांचा नाही, वेळेचा आहे. आपल्याकडच्या 30 अंश तापमानात आवाज सेकंदाला सुमारे 349 मीटर जातो, म्हणजे एक मीटर कापायला त्याला जेमतेम तीन मिलिसेकंद लागतात. स्नेअरचा ठोका जवळच्या माइकमध्ये लगेच पडतो आणि मीटरभर वर टांगलेल्या ओव्हरहेडमध्ये तीन मिलिसेकंदांनी. हे दोन ट्रॅक एकत्र झाले की 170 हर्ट्झच्या आसपास एकाची लाट वर असताना दुसऱ्याची खाली असते आणि दोघी एकमेकींना खातात. त्यानंतर 500 ला तेच, मग 850 ला तेच. स्नेअरचा भरदारपणा नेमका 170 ते 220 हर्ट्झमध्ये असतो. तोच खाल्ला गेल्यावर उरतो तो पत्रा. जे रद्द झालं ते ईक्यूने वाढवता येत नाही, कारण वाढवायला तिथे काही उरलेलंच नसतं.

आता क्रमाने जा. सगळे फेडर (आवाज कमीजास्त करायच्या सरकपट्ट्या) खाली घ्या, मास्टर मोनो करा (डावं-उजवं एकत्र) आणि फक्त दोन ओव्हरहेड उघडा. आधी एक ऐका, मग दुसरा त्यात मिसळा. दुसरा आल्यावर स्नेअर बारीक झाला, तर दोन्ही माइक स्नेअरपासून सारख्या अंतरावर नव्हते. एक 90 सेंटीमीटरवर आणि दुसरा 115 वर असेल तर फरक 25 सेंटीमीटरचा, म्हणजे 0.7 मिलिसेकंदांचा. उशिरा येणारा ट्रॅक तेवढा आधी, म्हणजे पडद्यावर डावीकडे, सरकवा. स्नेअर मधोमध आला आणि भरला की थांबा.

मग स्नेअरचा वरचा माइक हळूहळू चढवा आणि त्या ट्रॅकचं पोलॅरिटीचं (लाट उलटी करणारं) बटण एकदा दाबून, एकदा सोडून ऐका. मोठं कोणत्या बाजूला वाटतं ते पाहू नका, ठोक्याला पोट कोणत्या बाजूला येतं ते पाहा. खालच्या माइकचं पोलॅरिटी बटण तर जवळजवळ नेहमीच दाबावं लागतं. काठी पडली की स्किन वरच्या माइकपासून दूर आणि खालच्या माइककडे जाते, त्यामुळे दोघांच्या लाटा उलट्याच असतात. त्यानंतर किक आणि शेवटी टॉम, सगळे ओव्हरहेडशी ताडून. दर वेळी प्रश्न एकच: हा माइक आल्यावर ड्रम भरला की आटला?

प्रत्येक ट्रॅकचा ठोका पडद्यावर मोठा करून केसाच्या अंतराने जुळवत बसण्याची सवय हल्ली बरीच दिसते. आमच्या मते पोलॅरिटी बरोबर असेल तर त्याची गरज सहसा पडत नाही. ते दोन-तीन मिलिसेकंदच ऐकणाऱ्याला ड्रम खोलीत ठेवलेला आहे याची जाणीव देतात. ओव्हरहेड एकमेकांशी जुळल्यावरही सरकवायचंच असेल तर दोन्ही जोडीने, सारख्याच मापाने सरकवा.

पुढच्या वेळी दोन मीटर सुतळी सोबत ठेवा. एक टोक स्नेअरच्या मध्यावर धरा, दुसरं एका ओव्हरहेडच्या तोंडाशी न्या, तिथे गाठ मारा आणि दुसरा ओव्हरहेड त्याच गाठीवर आणा. पाच मिनिटांचं काम आहे. आणि फक्त ओव्हरहेड ऐकून तो ड्रम ड्रमसारखा लागत नसेल, तर रेकॉर्डिंग सुरूच करू नका, माइक हलवा. मिक्समध्ये अख्खा ड्रम ओव्हरहेडमधून येतो. जवळचे माइक त्याला फक्त वजन आणि धार देतात.

आमच्याकडे चारच इनपुट आहेत. ड्रमसाठी पुरतील का? — एक वाचक, म्हापसा

भरपूर पुरतील. ग्लिन जॉन्स या इंग्लिश ध्वनिमुद्रकाच्या नावाने ओळखली जाणारी, 1960 च्या दशकातली पद्धत चार माइकांचीच आहे. एक माइक स्नेअरच्या वर साधारण एक मीटरवर, तोंड खाली. दुसरा फ्लोअर टॉमच्या बाजूला, त्याच्या कडेपेक्षा वीतभर उंच, तोंड फ्लोअर टॉमवरून हाय-हॅटकडे (पायाने मिटणारी झांजांची जोडी). दोघांचं स्नेअरच्या मध्यापासूनचं अंतर सुतळीने सारखं करायचं. उरलेले दोन किकला आणि स्नेअरला. मिक्स करताना फ्लोअर टॉमकडचा माइक पूर्ण त्या बाजूला आणि वरचा विरुद्ध दिशेला अर्धाच टाका. दोन्ही टोकाला टाकले तर मध्ये भोक पडतं.

दोनच माइक असतील तर एक किकला आणि दुसरा ड्रमरच्या उजव्या खांद्यावरून स्नेअरकडे रोखलेला. सिम्बल (झांजा) आणि स्किन यांचा तोल ड्रमरच्या कानाला जसा लागतो, जवळजवळ तसाच तिथून मिळतो.

गेन (माइकची रेकॉर्डिंगची पातळी) लावताना 24 बिटवर सर्वांत जोरकस ठोका उणे 12 डेसिबलच्या आसपास राहू द्या. तपासणीच्या वेळी ड्रमर जेवढ्या जोराने वाजवतो त्यापेक्षा गाणं रंगात आल्यावर नक्कीच जास्त मारतो.

10 बाय 10 च्या खोलीत सराव आणि रेकॉर्डिंग दोन्ही करतो. क्रॅश आणि हाय-हॅट सगळ्यांच्या डोक्यावर बसतात, किक घुमत राहते. भिंतींना अंड्यांचे ट्रे लावले, फरक पडला नाही. — एक वाचक, पुणे

ट्रे काढून टाका. पुठ्ठ्याचा पातळ थर खालचे सूर शोषू शकत नाही, वरचेही नीट शोषत नाही, आणि आग लागली तर भडकतो मात्र पटकन.

तुमच्या खोलीचं गणित असं आहे. 10 फूट म्हणजे 3.05 मीटर. समोरासमोरच्या दोन भिंतींमध्ये जो सूर नेमका अडकून घुमतो तो 349 भागिले 6.1, म्हणजे 57 हर्ट्झ. त्याची पुढची घरं 114 आणि 171. स्लॅबही 10 फुटांवर असेल तर लांबी, रुंदी आणि उंची या तिन्हींचा सूर एकच होतो आणि घुमणं तिपटीने साचतं. 22 इंची किकचा मूळ सूर बहुधा 50 ते 65 च्या दरम्यान असतो, म्हणजे किक बरोबर त्या खड्ड्यात पडते. ड्रम कोपऱ्यात ठेवला तर हा सूर सर्वांत जास्त उठतो. खोलीच्या ऐन मध्यावर तो उठतच नाही, पण तिथे किक निर्जीव लागते. किक एका भिंतीपासून सव्वातीन-साडेतीन फुटांवर आणि बाजूच्या दोन भिंतींपासून वेगवेगळ्या अंतरावर ठेवून पाहा. घरातल्या कापसाच्या जाड गाद्या कोपऱ्यांत उभ्या करा, भिंतीला चिकटवून न ठेवता वीतभर पुढे. सतरंजी ड्रमखाली हवीच, पण ती फक्त वरचे सूर आणि ड्रम सरकणं थांबवते.

सिम्बलचा बंदोबस्त मात्र आधी ड्रमरच्या हातात आहे. स्किनवर जोर आणि सिम्बलवर हलका हात हा तोल फेडरने आणता येत नाही, कारण सिम्बल प्रत्येक माइकमध्ये शिरतात. ड्रमरला फक्त ओव्हरहेडचा आवाज हेडफोनमध्ये देऊन एक टेक वाजवायला सांगा. हात आपोआप बदलतो. सिम्बल चार बोटं वर उचलले की टॉमच्या माइकमध्ये ते कमी येतात. स्नेअरच्या माइकची शेपटी हाय-हॅटकडे करा. एसएम57 सारखा माइक मागून येणारा आवाज सर्वांत कमी पकडतो. 10 फुटी स्लॅबखाली ओव्हरहेड उंच टांगू नका. सिम्बलपासून तीन फुटांवर गेला तर तो स्लॅबच्या जवळ जातो आणि तिथून परतणारा आवाज पुन्हा लाटा खातो. दीड फूट पुरे, आणि त्याच्या वर एक जाड गोधडी ताणून बांधा.

स्किन जुन्या असतील तर हे सगळं व्यर्थ आहे, आधी त्या बदला. लावताना प्रत्येक बोल्टजवळ कडेपासून इंचभर आत टिचकी मारा. स्वर सगळीकडे सारखा यायला हवा. बोल्ट समोरासमोरचे, पाव-पाव फेरा. खालच्या स्किन बरेच जण वर्षानुवर्षं विसरतात. टॉम रेंगाळत, बेसूर घुमतो तो बहुतेकदा त्यांच्यामुळे.

जे रेकॉर्ड झालंय त्याचं काय? टॉमचे ट्रॅक गेटवर (ठरावीक पातळीखालचा आवाज आपोआप बंद करणारं साधन) सोपवू नका. क्रॅश पडला की गेट उघडतो आणि मध्येच बंद होताना सिम्बलचा तुकडा पाडतो. हाताने कापा: टॉमचा ठोका ठेवा, त्यामागे एक-दीड सेकंदाचा फेड द्या, उरलेलं पुसा. चार मिनिटांच्या गाण्याला अर्धा तास लागतो. ओव्हरहेडवर जबर कंप्रेसर (मोठा आवाज दाबणारं साधन) नको. तो ठोका दाबतो आणि सिम्बलची शेपटी वर आणतो, म्हणजे तुमचं दुखणं वाढवतो. त्याऐवजी 4 ते 8 किलोहर्ट्झवर डी-एसर किंवा डायनॅमिक ईक्यू (ठरावीक सूर मोठे झाले की तेवढेच दाबणारी साधनं) लावून क्रॅशच्या वेळीच तीन-चार डेसिबल कमी करा. किकवर 57 आणि 114 ला अरुंद काप द्या, चार-पाच डेसिबलचा.

एक काम प्रत्येक सेशनच्या शेवटी कराच: माइक जागचे हलवायच्या आधी किक, स्नेअर आणि प्रत्येक टॉमचे पाच-पाच सुटे ठोके, प्रत्येक ठोका पूर्ण विरू देत, रेकॉर्ड करून ठेवा. एखाद्या ठिकाणी हाय-हॅटने स्नेअर गिळला तर तुमच्याच स्नेअरचा स्वच्छ ठोका तिथे हलक्या हाताने मिसळता येतो. बाजारातल्या सॅम्पलपेक्षा तो शंभर पटींनी बरा बसतो.

बेस गिटार आणि किक एकमेकांत चिखल करतात. फोनवर ऐकलं तर दोन्ही गायब. — एक वाचक, ठाणे

आधी वादन तपासा. किक आणि बेस 30 मिलिसेकंदांनी चुकत असतील तर कोणताही ईक्यू त्यांना एकजीव करणार नाही. चुकलेले सूर कापून किकवर आणा. त्यानंतर तिथे तिसरं कोण आहे ते शोधा. आपल्याकडच्या बँडमध्ये कीबोर्डवादकाला एकट्याने साथ करायची सवय असते आणि त्याचा डावा हात खर्जात बेसचेच सूर वाजवत राहतो. बेस गिटार असताना त्या हाताला विश्रांती द्यायला सांगा. रेकॉर्डिंग होऊन गेलं असेल तर कीबोर्डला 150 ते 200 हर्ट्झपर्यंत लो कट (त्याखालचे सूर कापणारा फिल्टर) द्या, गिटारना 100 पर्यंत. निम्मा चिखल इथेच निघतो.

मग सर्वांत खाली कोण बसणार ते गाण्यागणिक ठरवा. बेसची सर्वांत जाड तार 41 हर्ट्झची, पुढची 55 ची. किकचा मूळ सूर त्यांच्या जवळच. संथ गाण्यात किकला 60 ला दोन-तीन डेसिबल द्या, बेसला तिथेच तेवढे काढा आणि बेसला 100 च्या आसपास जागा द्या. द्रुत गाण्यात किक दाट पडत असेल तर उलट: किक 80-90 वर आखूड आणि घट्ट, तळ बेसचा. दोन्ही प्रकारांत किकच्या 300 ते 400 मधून चार-सहा डेसिबल काढा. खोक्यासारखा आवाज तिथे असतो.

हौशी बेसवादकाचे सूर कमीजास्त पडतात. म्हणून बेसला 4:1 चा कंप्रेसर, अटॅक (दाबायला लागणारा वेळ) 20-30 मिलिसेकंद, रिलीज (सोडायला लागणारा वेळ) 150 च्या आसपास, मीटरवर पाच-सहा डेसिबलचं दाबणं. अटॅक 2-3 मिलिसेकंदांवर ठेवला तर बोटाचा पहिला टणका मरतो आणि बेस मागे जातो.

फोनचं कारण निराळं आहे. त्याच्या स्पीकरमधून 200 हर्ट्झखालचं जवळजवळ काहीच निघत नाही. तिथे किक ऐकू येते ती 3 ते 4 किलोहर्ट्झमधल्या बीटरच्या (किकच्या पेडलवरच्या हातोड्याच्या) टकटकीने आणि बेस 700 ते 1000 मधल्या तारेच्या आवाजाने. बेसच्या ट्रॅकची एक प्रत करा, तिला 300 पर्यंत लो कट आणि थोडं डिस्टॉर्शन द्या आणि मूळ बेसखाली अगदी कमी ठेवा. वेगळी ओळखू येऊ लागली की दोन डेसिबल कमी करा.

हॉलमधल्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग मिक्सरमधून थेट पेन ड्राइव्हवर घेतलं. गायकाचा आवाज कानात ओरडतो, ड्रम जवळजवळ नाहीच. साउंडवाल्याची चूक? — एक वाचक, इचलकरंजी

नाही. लहान हॉलमध्ये ड्रम माइकशिवायच शेवटच्या रांगेपर्यंत पोचतो. साउंडवाला प्रेक्षकांसाठी तोल साधतो, म्हणून ड्रमचा फेडर खाली आणि गाण्याचा वर. पेन ड्राइव्हवर फक्त मिक्सरमधून गेलेलं उतरतं, हॉलमध्ये हवेतून गेलेलं नाही.

कोणी प्रेक्षकांतून रेकॉर्डरवर किंवा बऱ्या फोनवर ध्वनी घेतला असेल तर गाडी सावरता येते. तो ट्रॅक मिक्सरच्या ट्रॅकखाली ठेवा. मंचापासून 12 मीटरवर असेल तर तो 34 मिलिसेकंद उशिरा आहे, तेवढा आधी, म्हणजे डावीकडे, ओढा. स्नेअरचा एखादा सुटा ठोका पाहून नेमकं जुळवा. दोन यंत्रांची घड्याळं कधीच तंतोतंत सारखी चालत नाहीत, त्यामुळे तासाच्या कार्यक्रमात शेवटाकडे अंतर पुन्हा पडतं. प्रत्येक गाण्याचा वेगळा तुकडा करून वेगळा जुळवा. हॉलच्या ट्रॅकला 120 पर्यंत लो कट, 3:1 कंप्रेसर, आणि ड्रम पुरेसा येईपर्यंत चढवा. गाणं थोडं घुमेल, ते चालतं.

पुढच्या वेळी डिजिटल मिक्सर मागवा. बेहरिंगरच्या एक्सआर18 मधून 18 आणि एक्स32 मधून 32 वेगवेगळे चॅनेल यूएसबीने लॅपटॉपवर घेता येतात. 24 बिट, 48 किलोहर्ट्झवर 18 चॅनेलना तासाला सव्वानऊ जीबी जागा लागते, ती आधीच मोकळी करा. ट्रॅक फेडरच्या आधीचे घ्या, नाहीतर साउंडवाल्याने गाण्यात केलेला प्रत्येक चढउतार तुमच्या रेकॉर्डिंगमध्ये कोरला जातो. हॉलसाठी ड्रमला माइकची गरज नसली तरी किकला एक आणि वर एक असे दोन माइक लावायला सांगा, मुख्य स्पीकरला ते बंद राहिले तरी चालेल.

ऑर्केस्ट्रात ड्रमबरोबर ढोलकी आहे. मिक्समध्ये दोन्ही भांडतात. — एक वाचक, सातारा

ढोलकीची शाईची बाजू गाण्याच्या स्वराला लावलेली असते, म्हणून तिला सुरातलं वाद्य समजा आणि गाण्याच्या लगेच मागे ठेवा. ड्रमला तालाचा कणा करा. ढोलकीला दोन्ही बाजूंनी माइक असतील तर एकाची पोलॅरिटी उलटी करून ऐका. एका पुडीवर थाप पडली की आतली हवा दुसरी पुडी बाहेर ढकलते. समोरासमोरच्या माइकना त्याच लाटा उलट्या मिळतात आणि घुमारा रद्द होतो.

भांडण तीन ठिकाणी असतं. घुमणारी बाजू किकशी भांडते, म्हणून ढोलकीला 80 पर्यंत लो कट. थाप स्नेअरशी भांडते. लावणीच्या ठेक्यात ड्रमरने स्नेअर सोडून काठी रिमवर आडवी मारली तर कोणताही ईक्यू लागत नाही, आणि आमच्या मते हाच खरा इलाज आहे. तिसरं हाय-हॅटशी: ढोलकीची चाटी आणि हाय-हॅट एकाच बाजूला पॅन करू नका. कंप्रेसर ढोलकीला 2:1 पेक्षा जास्त नको. तिचा जीव दाबलेल्या आणि मोकळ्या थापेच्या फरकात आहे, तो सपाट झाला की ठेका मशीनसारखा वाजतो.

गायकाचा आवाज हेडफोनवर छान बसतो, गाडीत गेलं की गिटारखाली बुडतो. — एक वाचक, लातूर

हेडफोनमध्ये डावं-उजवं पूर्ण वेगळं राहतं, म्हणून दोन गिटार दोन कानांत गेल्या की मध्ये गाणं मोकळं वाटतं. गाडीत सगळं एकमेकांत मिसळतं. तोल मोनोत, एकाच स्पीकरवर, बोलण्याइतक्या आवाजात साधा आणि मग पॅन करा. आता आवाज हळूहळू कमी करत न्या: शेवटपर्यंत ऐकू यायला हवेत ते गाणं आणि स्नेअर. गिटार उरत असेल तर ती मोठी आहे. गाण्याला 3 किलोहर्ट्झवर वाढवण्याआधी गिटारमधून तिथले दोन-तीन डेसिबल काढा. आणि ओळीओळीने फेडर हलवा. कंप्रेसर शब्दांची शेवटची अक्षरं वाचवत नाही.

तयार झालेलं गाणं ऑनलाइन टाकताना किती मोठं ठेवायचं? — एक वाचक, न्यू जर्सी

स्पॉटिफाय आणि यूट्यूब दोन्हीकडे मोठी गाणी साधारण उणे 14 लफ्सपर्यंत (गाणं कानाला किती मोठं लागतं त्याचं माप) खाली आणली जातात. त्याहून मोठं करून पाठवलं तर मोठेपणा तिथे काढून घेतला जातो आणि लिमिटरने (ठरावीक पातळीवर आवाज जाऊ न देणारं साधन) चपटा झालेला स्नेअर तेवढा उरतो. ट्रू पीक (लाटेचं खरं सर्वोच्च टोक) उणे 1 डेसिबलवर ठेवा, लिमिटर सर्वांत जोरकस ठोक्यालाही तीन डेसिबलपेक्षा जास्त दाबत नाही ना ते पाहा. लिमिटर चालू-बंद करून तुलना करताना दोन्हींची पातळी आधी सारखी करा, कारण जे मोठं ते कानाला नेहमीच चांगलं वाटतं. बंद केल्यावर स्नेअर पुढे येत असेल तर लिमिटर सैल करा.